काडीमोड, समेट आणि आमचे घर

कुटुंबोपचार हा शब्द आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचला आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तो आहे. पोलीस ठाण्याशेजारच्या केंद्राच्या पाटीवर त्याचा भाऊबंद ‘कौटुंबिक समुपदेशन’ आहे. आणि महाविद्यालयातल्या चर्चासत्रांत त्यावर निबंध वाचले जातात. या निबंधांची सुरुवात ठरलेली असते. १९५० नंतरच्या अमेरिकेत नॅथन अ‍ॅकरमन, ग्रेगरी बेटसन, मरे बोवेन अशा काही मंडळींच्या ध्यानात आले की मनाचा आजार एका माणसाच्या डोक्यात शोधून भागत नाही, तो घरातल्या माणसांच्या परस्परसंबंधांत शोधावा लागतो. तेव्हा रोग्याबरोबर सारे कुटुंब समोर बसवून बोलण्याची पद्धत निघाली. ती पुढे आपल्याकडे आली. मग संस्थांची नावे येतात, आणि निबंध संपतो.

हे सगळे खरे आहे. परंतु या इतिहासात घर आहे, वस्ती नाही. नवरा-बायको आहेत, त्यांची जात, त्यांची रोजंदारी आणि त्यांचे छप्पर नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे, मानसशास्त्राचा नव्हे. म्हणून मला वेगळा प्रश्न पडतो. घर मोडू लागले म्हणजे दोघांच्या मध्ये तिसरा माणूस येऊन बसतो. तो कधी जातीचा पंच असतो, कधी दरबारचा कारकून, कधी मिशनरी, कधी पोलीस, कधी मुकादम, आणि अलीकडे समुपदेशक. आमच्या घरात हा तिसरा माणूस कोण होता, आणि तो कोणाच्या बाजूने बसत होता? हा प्रश्न दलित कुटुंबाला विचारला की कुटुंबोपचाराचा इतिहास न्यूयॉर्कपासून नव्हे, तर आमच्या पंचगंगा-कृष्णेच्या काठापासून सुरू करावा लागतो.

मी राहतो ते जयसिंगपूर शाहू महाराजांनी १९१७ साली वसवले आणि आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव त्याला दिले. रेल्वेलगतची ही आखून वसवलेली बाजारपेठ. सरळ रेषेत गल्ल्या पाडल्या. अजूनही इथल्या पत्त्यात गल्लीचा नंबर येतो. नव्या गावातही जात आपली जागा हुडकून काढतेच, हे सांगायला नको. तरीही आखीव गल्ली पाहिली की मला करवीर दरबाराच्या त्याच तीन-चार वर्षांतले हुकूम आठवतात. १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणि विधवा-पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा. १९१८ मध्ये महार वतने रद्द करून जमिनी रयताव्याने देण्याचा निर्णय, आणि त्याच वर्षी महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता, काडीमोडीसंबंधीचा कायदा, आणि स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा करण्याचा कायदा. जानेवारी १९२० मध्ये देवाला सोडलेल्या स्त्रिया आणि अनौरस संतती यांच्या वारसाहक्काचा कायदा. त्यानंतर दोन महिन्यांनी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, इथून फार दूर नसलेल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते.

चरित्रकार या हुकमांची विभागणी करतात. वतन व हजेरी ‘अस्पृश्योद्धार’ या प्रकरणात जाते, क्रूरतेचा कायदा ‘स्त्रीविषयक कार्य’ या प्रकरणात. माझ्या मते ही विभागणीच आपल्याला चकवते. हे हुकूम एकत्र वाचले पाहिजेत. ज्या माणसाला रोज पाटलाकडे हजेरी द्यावी लागते, त्याला संसार कसला? बायको माहेरी बाळंत झाली तरी त्याला परवानगीवाचून गाव सोडता येत नाही. ज्याच्या घराला वतनाची पाळी आहे, त्याच्या घरात चूल केव्हा पेटणार हे चावडी ठरवते. वतनाची जमीन भाऊबंदांत वाटून वाटून अंगणाएवढी उरलेली, आणि तिच्यावरून भाऊ भावाच्या डोक्यात काठी घालतो. अशा घरातल्या भांडणाला ‘कौटुंबिक कलह’ म्हणणे म्हणजे गावाने केलेली गोष्ट घराच्या खात्यावर लिहिणे होय. शाहू महाराजांच्या दरबाराने बाहेरची बेडी काढली आणि त्याच दमात घरातल्या पुरुषाचा हातही धरला. बेडी आधी निघाली की हात आधी धरला, हा वाद व्यर्थ आहे. वर्षभराच्या अंतराने दोन्ही गोष्टी झाल्या, एकीसाठी दुसरी थांबली नाही.

कायदा झाला म्हणजे मार थांबला, असे कोणी म्हणणार नाही. पण बायकोला छळणे हा नवऱ्याचा अधिकार नसून गुन्हा आहे, असे एका संस्थानाने १९१९ साली कागदावर मांडले. भारतीय दंडसंहितेत ४९८ अ हे कलम १९८३ साली आले. मध्ये चौसष्ट वर्षे गेली. (दंडसंहिता २०२४ मध्ये गेली, ते कलम भारतीय न्याय संहितेत नव्या आकड्याखाली राहिले आहे.)

आता काडीमोडीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. हा शब्द आमच्या सुशिक्षित घरांतून असा काही नाहीसा झाला आहे की माझ्या वर्गातल्या मुलींना तो समजावून सांगावा लागतो. नवरा-बायकोचे पटेनासे झाले की पंचांपुढे बसायचे; दोन्हीकडचे म्हणणे व्हायचे; आणि मिटत नाही असे दिसले की वाळलेली काडी मोडून दोन तुकडे करायचे. संबंध संपला. नंतर बाईने पाट लावला तरी तिला कोणी अडवत नसे. ही रीत महार-मांगांत होती, तशी कित्येक शूद्र जातींतही होती. जिथे विधवेचे केस काढत होते, जिथे नवरा कसाही असला तरी सात जन्मांचा मानत होते, त्या घरांना ही रीत हलकी वाटत होती. आमच्याकडे बोट दाखवून ‘यांच्यात लग्नाला काही अर्थच नाही’ असे म्हणायला त्यांना ती उपयोगी पडत होती.

या रीतीचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. पंच म्हणजे पुरुषच. दंड भरायचा, तोही पुष्कळदा दारूच्या रूपाने; म्हणजे ज्या दारूपायी घर मोडले तिचाच प्याला पंचांच्या ओठी. पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च दुसऱ्याने भरून द्यायचा, म्हणजे बाईची किंमत एका खिशातून दुसऱ्या खिशात. पाट रात्रीचा, उजेडात नाही. मुले बहुधा बापाकडे. जातपंचायतीच्या बहिष्काराने माणसे आयुष्यातून कशी उठतात हे आपण इतके पाहिले आहे की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. शाहू महाराजांनी काडीमोडीची बाब पंचांच्या मुठीतून काढून कायद्याच्या कक्षेत आणली ती उगाच नाही. परंतु एक गोष्ट त्यांनी मोडली नाही. दार उघडे ठेवले. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट देशभर आणला, आणि त्याच कायद्यात रूढीने मिळणारी काडीमोड अबाधित ठेवणारे पोटकलमही आहे. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी काय सोसले हे या पानांच्या वाचकाला मी सांगायला नको. पण त्या बिलातला घटस्फोट आमच्या आज्ज्यांना नवा नव्हता, तो वरच्यांना नवा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

माझी आजी पाटाची. कृष्णाकाठच्या एका गावी तिचे पहिले लग्न झाले होते. तिथला जाच सहन होईना म्हणून तिच्या बापाने पंच बसवले, काडी मोडली, आणि पुढे माझ्या आजोबांशी तिचा पाट लागला. आजोबांना तिने उभा जन्म ‘अवो’ म्हटले आणि भांडणात अरे-तुरेही केले. ही हकीकत मला पदवीधर झाल्यावर समजली, तीही आईने आवाज खाली आणून सांगितली म्हणून. घरात पहिला पदवीधर झाल्यावर जी इभ्रत आली, तिच्याबरोबर ही गोष्ट झाकून ठेवण्याची रीतही आली. आज आमच्याच भावकीत एक पोरगी दोनदा अंगावर वळ घेऊन माहेरी आली. आणि दोन्ही वेळा तिला परत पोचवणाऱ्यांत शिकलेली माणसेच पुढे होती. “आपल्यात असलं होत न्हाई,” असे ती म्हणाली. ‘आपल्यात’! आजीच्या अशिक्षित बापाला जे सुचले, ते बी. एड. झालेल्या मामाला सुचले नाही. प्रतिष्ठेच्या वाटेवर आपण पांढरपेशांकडून काय काय उचलले याची कोणी यादी केली, तर तिच्यात सात जन्मांची गाठ वर असेल.

आपल्या समाजशास्त्रानेही या बाबतीत आपल्याला फारशी मदत केली नाही. स्वातंत्र्यानंतरची दोन दशके तिथली चर्चा ‘एकत्र कुटुंब मोडते आहे काय’ या प्रश्नाभोवती घोटाळत राहिली. ज्यांच्याकडे एकत्र ठेवण्यासारखी जमीन होती त्यांचा तो प्रश्न. आमचा बाप मुंबईच्या गिरणीत, आई गावात, थोरला मुलगा बोर्डिंगात. हे कुटुंब एकत्र की विभक्त? त्या प्रश्नावलीत यासाठी रकानाच नव्हता.

मुंबईत मात्र तिसरा माणूस बदलला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्याच्या वस्तीत शेजारकेंद्र काढले आणि त्यातूनच १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. दुसऱ्याच वर्षी तिने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र चालू केले. देशातल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी ते एक. येथून पंचाच्या जागी प्रशिक्षित माणूस येतो. तो दंड घेत नाही, दारू मागत नाही, बाईचे म्हणणे बाजूला घेऊन ऐकतो. हा मोठाच फरक होता. पण त्याच्या वहीत कुटुंबाचे नाव ‘केस’ झाले, आणि केस म्हटली की बिघाड केसमध्येच शोधला जातो.

ही अडचण अमेरिकेत अधिक उघडपणे पुढे आली, म्हणून तिकडे थोडे जाऊ. निग्रो साहित्याची आणि ब्लॅक पँथरची ओळख आपल्याला आहे. त्याच वस्त्यांतल्या घरांची ही गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यात विल्टविक नावाची मुलांची शाळा होती. हार्लेमसारख्या वस्त्यांतून गुन्ह्यात सापडलेली लहान मुले तिथे पाठवीत. बहुतेक काळी, काही प्वेर्तो रिकन. क्लॉड ब्राऊन हा लेखक त्याच शाळेतला. मुले तिथे सुधारत आणि घरी गेली की पुन्हा पहिल्यासारखी होत. अर्जेंटिनात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन आणि त्यांचे सहकारी यांनी तेव्हा मुलाऐवजी सारे घर बोलावले. या घरांना शब्दांचे उपचार पुरत नाहीत, कारण हे उपचार शिकल्यासवरलेल्या, फुरसत असलेल्या माणसांसाठी बनलेले आहेत, हे त्यांना दिसले. मग त्यांनी आईला प्रत्यक्ष कृती करायला लावली, थोरल्या भावंडाच्या डोक्यावरचे आईपण उतरवले, घरात कोण कोणाला बोलते आणि कोण गप्प बसते हे पाहिले. १९६७ साली झोपडपट्टीतल्या कुटुंबांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रात आल्यावर मिनुचिन, जे हेली आणि ब्राउलिओ माँताल्वो यांनी त्याच काळ्या वस्तीतली, पदवी नसलेली माणसे निवडून त्यांना कुटुंबोपचार शिकवला. समोरच्याच्या घरी घासलेट का संपते, हे ज्याला सांगावे लागत नाही, असा तिसरा माणूस तयार केला.

याच सुमारास, १९६५ मध्ये, डॅनिअल मॉयनिहन या सरकारी अधिकाऱ्याने काळ्या कुटुंबावर एक अहवाल लिहिला. गुलामगिरीने काळ्यांचे कुटुंब उद्ध्वस्त केले हे त्याने मान्य केले. पण आता दुबळेपणाचे मूळ त्या कुटुंबातच, बाईच्या हाती गेलेल्या घरातच आहे, असा त्याचा रोख होता. काळ्या समाजात संतापाची लाट उठली. १९७१ मध्ये विल्यम रायन यांनी, मारल्या गेलेल्यालाच दोष देण्याची ही तऱ्हा आहे, असे एका सबंध पुस्तकातून दाखवले. कॅरल स्टॅक या बाईंनी एका काळ्या वस्तीत राहून १९७४ साली लिहिले की ज्याला मोडके घर म्हणतात तिथे बायकांचे जाळे आहे. पोरे, पैसे, कपडे या घरातून त्या घरात फिरतात आणि त्यावर सगळी तगून राहतात. आमच्या कुठल्याही वस्तीत सकाळी सहाला जाऊन उभे राहावे. एकीचे पोर दुसरीच्या कडेवर असते, कारण पहिली खुरपायला गेलेली असते.

आणि येथेच आपली खरी गोची आहे. मॉयनिहनने काळ्या बायकांची केली तशीच. घरात मार आहे असे बोलावे, तर ‘पाहा, यांची घरेच अशी’ म्हणून सवर्ण टपलेला. न बोलावे, तर मार चालूच. आपल्या चळवळीने बहुतांशी न बोलणे पसंत केले. गावाने केलेला अत्याचार हा राजकीय प्रश्न. घरातला अत्याचार ही घरातली गोष्ट. बलुत्यापासून पुढच्या आत्मकथनांत दारुडा बाप आहे, पण तो बहुधा परिस्थितीचा बळी म्हणून येतो. तो तसा होताही. त्याच्या हाताखाली जी होती तिच्या बाजूने लिहायला बायकाच पुढे याव्या लागल्या. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात सासुरवाशिणीच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा आहे. गावाने आम्हाला बांधले होते. आम्ही सुनेला बांधले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती छापल्या. त्या वाचताना सभेला जाण्यासाठी या बायकांना आधी घराशीच लढावे लागले, हे पानोपानी जाणवते. वस्तुतः बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बायकोने नवऱ्याची गुलाम नव्हे तर मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, असे सांगितले होते. ते भाषण आपण जयंतीला वाचतो.

आता १९८० च्या दशकाकडे येऊ, कारण आजची समुपदेशन केंद्रे त्या दशकातली आहेत. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९८३ मध्ये कुटुंब सल्ला केंद्रांची योजना काढली (ते मंडळ २०२२ मध्ये बंद झाले). १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये पुण्या-मुंबईला ती न्यायालये सुरू झाली. १९८४ मध्येच टाटा संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोलाही बोलावतात. दारू सुटली तरी तिच्या मनातली धास्ती वेगळी सोडवावी लागते, हे तिथे जाणले गेले.

या साऱ्यांना एका माळेत ओवू नये. कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्याचा उद्देशच मुळी समेट आणि लवकर निवाडा हा आहे. विशेष कक्षाने मात्र वेगळे माप घेतले. पोलीस ठाण्याच्या आत बसून, पण पोलिसांचा नोकर न होता, बाईला मारहाणीविना जगता आले की नाही हे पाहायचे; घर टिकले की नाही हे नंतर. महाराष्ट्र शासनाने पुढे ही योजना जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, म्हणजे घराबाहेर कोणी पडायचे हा प्रश्न प्रथमच उलटा विचारला गेला.

पण तालुक्याच्या पातळीवर माप अजून जुनेच आहे. एका केंद्रातली नोंदवही मला पाहायला मिळाली. ‘समेट’, ‘विभक्त’, ‘न्यायालयाकडे’, ‘गैरहजर’ असे रकाने. वर्षअखेरच्या अहवालात पहिल्या रकान्याची बेरीज यश म्हणून जाते. समेट झालेली बाई सहा महिन्यांनी कशी आहे, यासाठी रकाना नाही. म्हणजे पंचाच्या बैठकीत काडी मोडण्याची जी वाट होती, ती या वहीत अपयश ठरते. शास्त्र पुढे गेले म्हणतात; या एका बाबतीत ते माझ्या पणजोबाच्या मागे आहे.

समेट कोणाला हवा असतो याचे उघडेवाघडे रूप पाहायचे तर शिरोळ तालुक्यात गळिताच्या दिवसांत यावे. बीड-मराठवाड्यातून तोडणीला टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल या जोडीवर दिलेली असते. उसाच्या फडाशेजारी खोपी, पहाटेच्या थंडीत मोळ्या, दुपारी वाढे विकणे. या खोपीत भांडण झाले आणि बाई माहेरी निघाली, तर अर्धा कोयता फडावर येत नाही. म्हणून समजूत काढायला मुकादम स्वतः येतो. तो नवऱ्याला दोन शिव्या देतो, बाईला पोरांची शपथ घालतो आणि दोघांना पुन्हा फडात उभे करतो. कुटुंब टिकले. उचलही टिकली. या मुकादमाला कोणी कुटुंबोपचारतज्ज्ञ म्हणत नाही, पण त्याचा निकाल आणि त्या वहीतला पहिला रकाना यांत मला फार अंतर दिसत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांची माणसे उंचावर आणावी लागली. आम्ही काही शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन एका छावणीत काम करीत होतो. धान्य, चादरी, औषधे यांच्या याद्या चालल्या होत्या. पाचव्या दिवशी एक बाई मला म्हणाली, “सर, हितं बरं हाय. चार मान्सं बगत्यात, म्हणून हात उचलत न्हाई.” तिचे घर पाण्यात होते. सगळे घरी जायच्या गोष्टी करीत होते आणि तिला छावणी उठण्याची भीती वाटत होती. आपत्तीनंतर कुटुंबांना आधार कसा द्यावा यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या वाक्याला त्यात जागा शोधावी लागेल.

चार माणसे पाहतात म्हणून हात थांबतो, हे खरे असेल, तर ती चार माणसे छावणी उठल्यावरही असली पाहिजेत. हे अशक्य नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० नंतर डॉ. विद्यासागर यांनी माणसे अपुरी म्हणून आवारात तंबू ठोकले आणि रोग्याच्या नातेवाइकांना तिथेच ठेवून घेतले. बरे झालेले रोगी लवकर घरी जाऊ लागले आणि घरेही त्यांना नाकारीनाशी झाली. बोवेन अमेरिकेत संशोधन म्हणून जे करीत होते ते इथे गरजेपोटी झाले. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशन शिकवून सरकारी आरोग्यकेंद्रांत बसवले. उदासीनता आणि चिंता यांनी त्रासलेल्यांना त्याचा उपयोग झाला, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमात गावातलीच माणसे दुःखी माणसाशी बोलतात, आणि त्याचबरोबर त्याचे पेन्शन किंवा रेशन कुठे अडले तेही पाहतात. हे दुसरे काम मला पहिल्याइतकेच उपचाराचे वाटते. फिलाडेल्फियात जे केले ते आमच्या बोलीत असे होते.

यात एक धोका आहे. बचत गटाच्या आणि आशा बायकांवर हे कामही बिनपगारी टाकले जाईल, आणि पुन्हा घर सावरणे ही बाईचीच जबाबदारी ठरेल. म्हणून त्यांना शिक्षण, मानधन आणि पोलिसांना बोलावण्याचा अधिकार, तिन्ही दिले पाहिजेत. वस्तीतला तिसरा माणूस वस्तीतल्याच पुरुषांच्या दडपणाखाली असतो, हेही विसरता येत नाही. जवळच्या एका वस्तीतल्या बायकांपुढे मी हे सारे बोललो. त्यांनी मिनुचिनचे नाव ऐकून घेतले आणि आपली मागणी सांगितली. समुपदेशक नको असे नाही, पण आधी एक खोली पाहिजे. माहेरी न जाता, ठाण्यात न जाता, पोरांसह चार रात्री राहता येईल अशी. आणि त्या चार रात्रींत ‘परत जा’ असे कोणी म्हणू नये. जागाही त्यांनी ठरवली होती. बुद्धविहारामागे समाजमंदिराची खोली आहे, वर्षातून दोनदा खुर्च्या काढायला उघडते. किल्ली कमिटीकडे असते, आणि कमिटीत एकही बाई नाही. अर्ज बायकांनीच लिहिला आहे. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. पौर्णिमेला कमिटीची बैठक आहे.